आईचे गुडघे, सुया आणि पॅकेज: बदलण्याआधी काही करता येतं का?

जास्वंद
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची. वाईला एकटी असते, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वजन ७९ किलो, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. सहा-सात वर्षं गुडघे दुखताहेत, उजवा जास्त. जिना उतरताना कठड्याला धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. रोज संध्याकाळी गणपतीच्या घाटावर जायची ते दिवाळीपासून बंद झालं. मांडी घालणं तर केव्हाच सुटलं. पूजा खुर्चीत बसून करते आणि "देवाला पाय दाखवत बसते मी" म्हणून हळहळते.

साताऱ्यात एक्स-रे काढला, 'ग्रेड ३' (झिजेची चारपैकी तिसरी पायरी) लिहून आलं. तिथले सर्जन म्हणाले, आज ना उद्या बदलावे लागतीलच. मग पुण्यात एका ठिकाणी दाखवलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहिलं, पुढची वीस मिनिटं एका समुपदेशक बाईंनी आमचा ताबा घेतला. पीआरपी, दोन्ही गुडघ्यांना तीन-तीन इंजेक्शनं, छापील पॅकेज, आणि "या महिन्यात बुक केलंत तर सवलत". गुडघ्याला सवलत ऐकून आई तिथेच हसली. भाऊ नस जाळण्याचे व्हिडिओ पाठवतोय. मावशी म्हणते वंगण भरून घ्या. आईचं एकच म्हणणं, चिरफाड नको, बाकी काय ते करा.

कुणी या सुयांपैकी काही करून घेतलंय का? खरंच उपयोग होतो, की दिवस ढकलायचे?

गुडघेदुखे_काका
माझं टोपणनाव पाहून कळलंच असेल. वय ७१, दोन्ही गुडघे मूळचेच.

वंगण मी भरून घेतलंय, २०१९ साली, उजव्यात. वंगण म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल. आपल्या सांध्यातल्या पाण्यात ते असतंच, गुडघा झिजला की पातळ होतं, म्हणून बाहेरून घालायचं. पहिले तीन-चार महिने बरं वाटलं. मग जैसे थे. दुसऱ्या वर्षी पुन्हा घेतलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. त्यामुळे पहिल्या वेळी सुईने बरं वाटलं, की त्याच सुमारास चिरंजीवांनी स्कूटर काढून घेतली आणि मी चालायला लागलो त्याने, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आई शाकाहारी असतील तर एक विचारून घ्या. हे औषध मुळात कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत. आता जिवाणूंकडून आंबवून केलेलंही मिळतं. आमच्या सौ.ना हे कळलं तेव्हा त्यांनी चार दिवस मला देवघरात येऊ दिलं नव्हतं.

फणसाची_आठळी
काका =)) तुऱ्याचं माहीत नव्हतं.

आमच्याकडे रत्नागिरीला आजी एरंडाचं पान तेल लावून, तव्यावर गरम करून बांधायची. खर्च शून्य, समुपदेशक बाई नाहीत. हलकेच घ्या.

आकडेमोड
आठळी, हसू नका. जर्मनीत कोबीच्या पानांवर रीतसर चाचणी झालेली आहे. ८१ रुग्ण, गुडघ्याचाच ऑस्टिओआर्थ्रायटिस (म्हणजे सांध्याची झीज), २०१६ साली छापली. एका गटाने कोबीची पानं बांधली, एकाने डायक्लोफेनॅकचं वेदनाशामक मलम लावलं, एकाचे नेहमीचे उपचार चालू राहिले. नेहमीच्या उपचारांपेक्षा कोबी सरस ठरला, मलमापेक्षा नाही. एरंडाला असा कुणी वाली भेटला नाही एवढंच.

आता जास्वंद यांच्या प्रश्नाकडे. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र हा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे फक्त चाचण्यांचं सांगतो.

पीआरपी म्हणजे रुग्णाचंच रक्त काढून, यंत्रात गरागरा फिरवून, त्यातला प्लेटलेटने दाट झालेला भाग सांध्यात सोडायचा. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. आपल्याला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षानंतर दहाच्या मापावर पीआरपीवाल्यांचं दुखणं सरासरी २.१ ने उतरलं होतं आणि मिठाच्या पाण्यावाल्यांचं १.८ ने. कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, झिजेतही फरक नाही. पीआरपी करणारे म्हणतात की त्या चाचणीत प्लेटलेटची मात्रा कमी होती, आणि मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक ठिकाणचं पीआरपी वेगळं असतं हे खरंच आहे. पण मग पॅकेजच्या कागदावर मात्रा छापलेली असायला हवी. तुमच्या कागदावर आहे का? बघून सांगा.

यातली मजा १.८ या आकड्यात आहे. मिठाचं पाणी टोचूनही एवढं बरं वाटतं. म्हणजे "माझ्या साडूला खूप फरक पडला" या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि साडू खोटंही बोलत नसतो.

जास्वंद
कागद काढून पाहिला. मात्रा नाही. 'प्रगत जर्मन तंत्रज्ञान' असं आहे.

फणसाची_आठळी
कोबी असेल.

आकडेमोड
=))

नकली उपचारानेही बरं वाटतं याची याहून जुनी आणि भारी गोष्ट अमेरिकेतल्या ह्यूस्टनची आहे. पूर्वी झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतून धुवून, खरवडून काढत. २००२ साली तिथल्या डॉक्टरांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एकाचा गुडघा धुतला, एकाचा खरवडला, आणि तिसऱ्या गटात फक्त कातडीवर चिरा देऊन टाके घातले, आत काहीच नाही. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गट सारखेच. नुसत्या झिजेसाठी दुर्बीण घालू नये, असं आता मार्गदर्शक तत्त्वांत येतं ते या आणि नंतरच्या अशाच चाचण्यांमुळे. कुणी आईला 'दुर्बिणीने साफ करून देतो' म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा.

लीड्सची_माहेरवाशीण
इथे ब्रिटनमध्ये सासूबाईंसाठी हेच सगळं केलंय म्हणून लिहिते. इथल्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत, २०२२ च्या आवृत्तीतही, हायल्युरॉनिकचं इंजेक्शन देऊ नका असंच लिहिलेलं आहे. आमच्या डॉक्टरांनी आधी फिजिओकडे पाठवलं, आणि फिजिओने पहिल्याच दिवशी सासूबाईंची काठी दुसऱ्या हातात दिली. दुखतो उजवा गुडघा आणि काठीही उजव्या हातात, दोन वर्षं! काठी विरुद्ध हातात धरायची असते. आई काठी वापरतात का?

जास्वंद
वापरते. उजव्या हातात. :(

चालतीबोलती
जास्वंदताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. जरा लांबण लावते.

पहिलं, एक्स-रे उभं राहून काढलाय का? झोपवून काढला तर हाडांमधली फट खरी कळत नाही, वजन पडल्यावर ती किती उरते ते पाहायचं असतं. दुसरं, खुब्याची तपासणी कुणी केली का? खुबा खराब असला तरी गुडघा दुखतो. वर्षभर गुडघ्याला मलम चोळलेले पेशंट माझ्याकडे येतात आणि दुखणं निघतं खुब्यात. तिसरं म्हणजे, ग्रेड हा फोटोचा असतो, दुखण्याचा नाही. ग्रेड चारचे आजोबा शेतात जाताना मी पाहिलेत आणि ग्रेड दोनच्या बाई रडताना पाहिल्यात.

आता व्यायाम. 'व्यायाम करा' म्हटलं की लोकांना ती शिक्षा वाटते, किंवा डॉक्टरांनी वाटेला लावलं असं वाटतं. म्हणून एक आकडा मीही देते, आकडेमोड रागावणार नाहीत. अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांत १५६ जणांवर तुलना झाली, अर्ध्यांना स्टेरॉईडचं इंजेक्शन, अर्ध्यांना फिजिओथेरपी. २०२० मध्ये छापून आली. वर्षाअखेर दुखणं आणि हालचाल दोन्हींत फिजिओचा गट पुढे होता. लक्षात घ्या, तुलना होती खऱ्या इंजेक्शनशी, मिठाच्या पाण्याशी नाही.

आईंसाठी सुरुवात अशी करा. पलंगावर पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुंडाळी खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. मांडीचा पुढचा स्नायू टणक झालेला हाताला लागला पाहिजे. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं. हा खुब्याच्या बाजूच्या स्नायूसाठी, आणि हाच सगळे विसरतात. तिसरा, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. जमत नसेल तर खुर्ची उंच करा, आईंना दोष देऊ नका. करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी चार-पाचपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत नसेल तर. सूज आली किंवा जास्त दुखलं तर व्यायाम बंद नाही, निम्मा करायचा. किमान सहा ते बारा आठवडे. आठ दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडणारे पेशंट मी रोज पाहते.

वजनाचं आईंना शिक्षिकेच्या भाषेत सांगा: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. आता दिवसाची पावलं मोजा आणि गुणाकार करा.

गुडघेदुखे_काका
हे लाख बोललात. मी टॉवेलवाला व्यायाम रोज बातम्या बघताना करतो. बातम्यांनी चिडलो की गुंडाळी जास्त दाबली जाते, तेवढाच लाभ.

जास्वंद
चालतीबोलती, खूप आभार. एक्स-रे झोपवूनच काढला होता, आईला आठवतंय. खुब्याला कुणी हात लावलेला नाही.

पण अडचण अशी की तिला व्यायामच करवत नाही. आमच्या इथल्या फिजिओ मॅडमकडे चार वेळा नेलं, प्रत्येक वेळी घरी येऊन दोन दिवस झोपून. मग ती म्हणते, आधी दुखणं थांबवा, मग व्यायाम करते. तिचंही चुकत नाही ना?

भूलभुलैया
नाही चुकत. माझ्या मते या धाग्यातला महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मी भूलतज्ज्ञ, गेली काही वर्षं वेदनाशमनाचंच काम करतो. सुयांचा व्यवसाय असल्यामुळे माझं मत त्या बेताने घ्या.

गुडघा दुखायचा थांबावा म्हणून आम्ही जे टोचतो, त्यातलं काहीच कूर्चा परत आणत नाही. कुणी 'कूर्चा वाढते' म्हणून विकत असेल तर ती विक्री झाली. सुईने मिळतो तो बरा काळ. काही आठवडे, काही महिने. त्या काळात मांडी भक्कम झाली तर पैसे वसूल. सोफ्यावर गेला तर तारीख संपली की पुन्हा माझ्याकडे.

स्टेरॉईड सगळ्यात स्वस्त. सूज असेल, गुडघ्यात पाणी असेल तर काही दिवसांत आराम पडतो, टिकतो मात्र काही आठवडेच. आईंना मधुमेह आहे, म्हणजे टोचल्यावर काही दिवस साखर चढणार, घरी मोजायला हवी. आणि दर तीन महिन्यांनी घेत बसू नये. दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम दिलेल्या एका अमेरिकी चाचणीत, १४० रुग्ण, २०१७, मिठाच्या पाण्यापेक्षा कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक शून्य. आणखी एक, पुढे गुडघा बदलायचा असेल तर शेवटच्या सुईनंतर तीन महिने तरी थांबतात, जंतुसंसर्गाच्या भीतीने. हे सर्जनला न सांगणारे पेशंट असतात.

आता भावाचा व्हिडिओ. गुडघ्याची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या बारीक शाखा असतात. त्यांतल्या तीन, वरच्या दोन आणि आतल्या-खालच्या बाजूची एक, रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करतात. साध्या पद्धतीत सुईचं टोक ८० अंशांच्या आसपास तापतं, 'कूल्ड' पद्धतीत टोकातून पाणी फिरवून ते ६० ला ठेवतात, त्याने जास्त रुंद भाग भाजला जातो. बाहेरच्या-खालच्या बाजूची शाखा सहसा सोडून देतो, कारण तिच्याजवळून पाऊल उचलणारी मोठी नस जाते. भूल जागेपुरती, एक्स-रे यंत्राखाली किंवा सोनोग्राफीवर बघत, त्याच दिवशी घरी. नसा पुन्हा वाढतात, म्हणून गुण सहा महिने ते वर्षभर.

पण थेट जाळायचं नसतं. आधी त्याच तीन जागी नुसतं भुलीचं औषध थोडं थोडं टोचून पेशंटला जिना चढ-उतर करायला लावायचं. त्या चार-सहा तासांत निम्म्याहून जास्त दुखणं गेलं तर पुढे जायचं, नाही तर नाही. ही चाचणी न करता कुणी तारीख देत असेल तर उठून या.

आकडेमोड
भूलभुलैया, प्रामाणिक प्रतिसाद, वाचनखूण साठवली. 'कूल्ड' पद्धतीची स्टेरॉईडशी तुलना झालेली आहे, १५१ रुग्ण, २०१८. सहा महिन्यांनी दुखणं निम्म्याहून कमी झालेले एकीकडे ७४ टक्के, स्टेरॉईडकडे १६. आकडा देखणा आहे. फक्त दोन गोष्टी: पैसा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि आपल्याला काय मिळालंय हे रुग्णांना ठाऊक होतं. वरचं १.८ आठवा.

भूलभुलैया
मान्य. म्हणूनच चाचणीच्या सुईवर माझा भर असतो. तिथेही मनाचे खेळ असतात, पण वाया जाणारे काही पेशंट तरी वाचतात.

फणसाची_आठळी
एक बाळबोध शंका. दुखणं ही गुडघ्याची तक्रार ना? तक्रारपेटीच जाळली तर गुडघा आणखी झिजणार नाही का?

भूलभुलैया
बाळबोध नाही, प्रत्येक तिसरा पेशंट विचारतो. तीनच शाखा जातात, सगळी संवेदना जात नाही. पायाला जमीन कळते, गुडघा कुठे आहे ते कळतं, स्नायूंची ताकद तशीच राहते. पण दुखत नाही म्हणून लगेच तांदळाचं पोतं उचलू नये, हे मी लिहून देतो.

लीड्सची_माहेरवाशीण
आणि ते रक्तवाहिनी बंद करण्याचं? इकडे एका मैत्रिणीने चौकशी केली होती.

भूलभुलैया
जांघेतून बारीक नळी घालून गुडघ्याच्या अस्तराला नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्यांत सूक्ष्म कण सोडतात. सुजलेल्या अस्तरात अशा वाहिन्या वाढतात आणि त्यांच्या सोबतीने वेदनेच्या नसाही, असा तर्क आहे. जपानच्या डॉ. युजी ओकुनो यांनी सुरू केलं, तेही एका प्रतिजैविकाचे स्फटिक कण म्हणून वापरून. कल्पना सुंदर आहे. नकली प्रक्रियेशी तुलना केलेल्या चाचण्या छोट्या आहेत आणि निकाल उलटसुलट. तुमच्याच देशाने २०२१ साली हे फक्त संशोधनाचा भाग म्हणून करा असं सांगितलंय. आईंसाठी मी आज सुचवणार नाही.

गुडघेदुखे_काका
सगळे सुयांवर बोलताहेत, मी बदलण्याच्या बाजूने दोन शब्द बोलतो. आमच्या पिढीला गुडघा बदलतात हे कळलं ते वाजपेयींमुळे. २००० च्या ऑक्टोबरात मुंबईला ब्रीच कँडीत डावा, पुढच्या जूनमध्ये उजवा, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. तेव्हा ते श्रीमंतांचं काम वाटायचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांध्यांच्या किमतीवर टोपण घातलं, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपयांवर आली. अर्थात ही फक्त वस्तूची किंमत, खोली, भूल, सर्जन वेगळे. पण जास्वंद, पॅकेजची रक्कम एकदा त्याच्या शेजारी मांडून बघा. दर वर्षी सुया घेत पाच वर्षं काढली तर काय होतं?

मी स्वतः का बदलले नाहीत विचाराल तर, घाबरतो. यात तत्त्वबित्त्व काही नाही.

चालतीबोलती
काका =)) पण मुद्दा बरोबर आहे. रात्री झोपमोड होत असेल, पाय बाहेर वाकत चालला असेल, सगळं करूनही घराबाहेर पडता येत नसेल, तर सुयांच्या मागे वर्षं घालवू नयेत. मांडी पार वाळल्यावर ऑपरेशन केलेल्या पेशंटला उभं करणं मला फार जड जातं.

जास्वंद
*(साडेतीन महिन्यांनंतर)*
धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी संपर्कातून विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

उभं राहून एक्स-रे काढला. उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूची फट जवळजवळ गेलेली, डावा बराच बरा. म्हणजे दोन्ही गुडघ्यांचं पॅकेज कशासाठी होतं कोण जाणे. खुबे चांगले आहेत. काठी डाव्या हातात आली, पहिले आठ दिवस "मला डावखुरी केलीत" म्हणून कुरकुर.

उजव्याला चाचणीची सुई केली. तासाभराने डॉक्टरांनी जिना दाखवला. आई एक मजला चढली, उतरली, आणि खाली येऊन म्हणाली, पुन्हा जाऊ का? मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी गुडघा पुन्हा दुखायला लागला तेव्हा ती चिडली, आधीपेक्षा जास्त. तीन आठवड्यांनी रेडिओलहरींचं केलं. त्यानंतर दहा-बारा दिवस गुडघा चांगलाच ठणकला, हे आधी सांगितलेलं असूनही आम्ही घाबरलो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे.

व्यायाम रोज दोनदा. गुणाकार तिने खरंच केला, वहीत. वजन ७५. भात एक मूद, रात्रीचा बंद. घाटावर जाते, पण वरच्या पायरीपर्यंतच. खाली पाण्याजवळ जायचं म्हणते, मी अजून नाही म्हणतेय. मांडी घालता येत नाही आणि येणार नाही हे तिनेच मान्य केलंय. सर्जनांना भेटून आलो, वर्षभराने पुन्हा दाखवायचं ठरलं. तेव्हा बदलायची वेळ आली असेल तर बदलू, असं आता ती स्वतः म्हणते. जानेवारीत हे वाक्य तिच्या तोंडून येणं शक्य नव्हतं.

पॅकेजवाल्या बाईंचा फोन अजून येतो. सवलत वाढली आहे.

भूलभुलैया
वा. सुईचं श्रेय वहीला जास्त आहे. बधिर जागा बहुतेक काही महिन्यांत आक्रसेल. गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला तर मात्र रात्र काढू नका, त्याच दिवशी दाखवा. हे कुठल्याही सुईनंतर, सगळ्यांसाठी.

फणसाची_आठळी
आणि एरंडाचं पान?

जास्वंद
लावते ना. मावशीने आणून दिलं. व्यायामानंतर बरं वाटतं म्हणते, आकडेमोड यांना कळवू नका.

गुडघेदुखे_काका
जास्वंद, त्या उंच खुर्चीचं सांगा. नवीन घेतली की आहे तीच उंच केली? आमच्या घरी सगळंच फर्निचर जमिनीला टेकलेलं आहे.

जास्वंद
आहे तीच, काका. सुताराकडून सागाचे चार ठोकळे करून घेतले, चार इंचांचे. ठोकळ्यात पायाच्या मापाची खाच मारून घ्या, नुसतं वर ठेवलं तर खुर्ची सरकते. आमची पहिल्याच दिवशी सरकली होती, सुदैवाने मी बसले होते.